गटापर्चाभोवतीचा पातळ थर: रूट कॅनाल सीलरविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रूट कॅनाल झालेल्या दाताच्या एक्स-रेमध्ये मुळांत पांढऱ्या रेघा दिसतात. त्या गटापर्चाच्या, म्हणजे नळीत भरलेल्या रबरासारख्या पदार्थाच्या, असं आपण सहज म्हणतो. पण गटापर्चा आणि दाताची भिंत यांच्यामध्ये आणखी एक पदार्थ असतो, तो म्हणजे सीलर. त्याचं नाव बिलावर येत नाही आणि पेशंटला कुणी सांगतही नाही. खालचे प्रश्न निम्मे पेशंटनी विचारलेले आहेत, निम्मे बीडीएस-एमडीएसच्या मुलामुलींनी. मी ते वेगळे काढले नाहीत, कारण बरेचदा प्रश्न एकच असतो, फक्त शब्द वेगळे.

गटापर्चा भरला की काम झालं ना? मग सीलर कशाला?

गटापर्चा कशालाच चिकटत नाही. दाबला की दबतो, तापवला की मऊ होतो, पण डेंटिनला, म्हणजे दात ज्याचा बनलेला असतो त्या नळीच्या भिंतीला, धरून राहत नाही. शिवाय गटापर्चाची काडी गोल असते आणि दाताची नळी बहुतेक वेळा गोल नसते. कुठे ती लंबगोल असते, कुठे दोन नळ्यांना जोडणारी चपटी फट असते, खालच्या दुसऱ्या दाढेत तर कधी चक्क इंग्रजी सी अक्षरासारखी पन्हळ सापडते. आजूबाजूला फुटलेल्या बारीक उपनळ्या वेगळ्याच. काडी पोहोचत नाही तिथे सीलर जातो. दगडी भिंतीत दगड वजन पेलतो, पण पाऊस अडवतो तो सांध्यातला चुना. इथेही तसंच आहे.

जाता जाता: आपण ज्याला गटापर्चाची काडी म्हणतो, तिच्यात खरा गटापर्चा साधारण पाचवा हिस्सा असतो. बाकी बराचसा भाग झिंक ऑक्साइडचा.

चांगला सीलर कसा असावा, हे कुणी ठरवलं?

व्हायवाला हमखास येणारं नाव म्हणजे फिलाडेल्फियाचे लुई ग्रॉसमन. त्यांची यादी पाठ करून सगळे पास होतात, पण ती यादी स्वतःशीच भांडते हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. सीलर शरीरातल्या द्रवात विरघळू नये, पण पुढे काढायची वेळ आली तर नेहमीच्या द्रावकात विरघळावा. जंतूंची वाढ रोखावी, पण मुळाच्या टोकाशी असलेल्या जिवंत पेशींना त्रास देऊ नये. कालवल्यावर चिकट असावा, हळू घट्ट व्हावा, घट्ट होताना आकसू नये, दात काळा करू नये, एक्स-रेत दिसावा. हे सगळं एका डबीत देणारा सीलर अजून झालेला नाही. प्रत्येक सीलर म्हणजे एक तडजोड आहे, आणि तडजोड कुठे केली आहे ते ओळखता आलं की सीलर कळला.

आयएसओ ६८७६ हे काय आहे? पाकिटावर लिहिलेलं असतं.

सीलरच्या चाचण्यांचं आंतरराष्ट्रीय मानक. चाचण्या अगदी साध्या आहेत, घरगुती म्हणाव्यात इतक्या.

वाहण्याची चाचणी बघा. काचेवर ०.०५ मिली सीलर ठेवायचा. कालवायला सुरुवात केल्यापासून ३ मिनिटांनी वर दुसरी काच आणि वजन मिळून १२० ग्रॅम ठेवायचे. १० मिनिटं झाली की वजन काढून पसरलेल्या चकतीचा व्यास मोजायचा. २०१२ च्या आवृत्तीनुसार तो किमान १७ मिलिमीटर हवा. थराच्या जाडीसाठी दोन काचांमध्ये सीलर ठेवून १५० न्यूटन जोर द्यायचा, उरलेला थर ५० मायक्रोमीटरपेक्षा जाड नको. घट्ट झालेली चकती २४ तास पाण्यात ठेवली तर ३ टक्क्यांहून जास्त वजन विरघळू नये. आणि १ मिलिमीटर जाडीचा नमुना एक्स-रेत निदान ३ मिलिमीटर ॲल्युमिनियमइतका पांढरा दिसावा.

हे आकडे पाठ करा, पण एक गोष्ट विसरू नका. चाचणी काचेवर होते. दाताच्या आत काच नसते. तिथे ओल असते, ३७ अंश तापमान असतं, नळी धुण्याच्या औषधांचे अंश असतात, आणि सीलर जाड चकती होऊन बसत नाही, तर पातळ पापुद्रा होऊन बसतो. कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा खोटा नसतो, फक्त तो दुसऱ्या जागेचा असतो.

जास्त वाहतो तो सीलर चांगला का?

एका मर्यादेपर्यंत. न वाहणारा सीलर फटीत जाणार नाही. फार वाहणारा सीलर फटीत जाईल आणि तिथेच न थांबता मुळाच्या टोकाबाहेरही जाईल. थोडासा बाहेर गेला तर बहुतेक वेळा शरीर तो सोसतं किंवा हळूहळू शोषून घेतं. एक्स-रेत टोकाशी दिसणारा तो पांढरा ठिपका पाहून काही डॉक्टर खूशही होतात, नळी टोकापर्यंत भरल्याची खूण म्हणून. मला त्यात खूश होण्यासारखं काही दिसत नाही.

काळजी दोन जागी घ्यायची. खालच्या मागच्या दाढांची मुळं जबड्यातल्या मोठ्या नसेच्या अगदी जवळ असू शकतात. तिथे सीलर घुसला तर ओठ आणि हनुवटी बधिर होऊ शकते, आणि ही बधिरता कधी कधी कायमची राहते. वरच्या दाढांवर सायनस असतं. तिथे गेलेल्या झिंक ऑक्साइडच्या सीलरचा संबंध ॲस्परजिलस नावाच्या बुरशीच्या गाठीशी जोडला गेला आहे. म्हणून वाहणं हा गुण सीलरचा असला, तरी तो कुठे थांबवायचा हे नळीच्या टोकाशी डॉक्टरांनी ठेवलेल्या आकारावर आणि किती जोर लावला यावर ठरतं.

सीलरचा थर पातळच का हवा? जास्त भरला तर जास्त पक्का नाही का होणार?

नाही. इथे एक साधं गणित करू. समजा सीलर घट्ट होताना १ टक्का आकसतो. २००१ च्या मानकात आकुंचनाची मर्यादा तेवढीच होती (२०१२ च्या आवृत्तीतून ही चाचणीच काढून टाकली, तो भाग वेगळा). थर ५० मायक्रोमीटरचा असेल तर १ टक्का म्हणजे अर्धा मायक्रोमीटर. थर ५०० मायक्रोमीटर, म्हणजे अर्धा मिलिमीटर असेल, तर तेच १ टक्का ५ मायक्रोमीटर होतं. रूट कॅनालमध्ये पुन्हा पुन्हा सापडणारा एंटरोकॉकस फीकॅलिस हा जंतू साधारण अर्धा ते एक मायक्रोमीटरचा आहे. पहिल्या फटीत तो जेमतेम अडकेल. दुसऱ्या फटीतून त्याची वरात जाईल.

सीलर तोच, टक्केवारीही तीच, बदलली फक्त जाडी. गटापर्चा जास्तीत जास्त आणि सीलर कमीत कमी, हा जुना नियम याच गणितावर उभा आहे. विरघळण्याचंही तसंच. जितका सीलर जास्त, तितकं विरघळायला जास्त.

दवाखान्यात लवंगेचा वास येतो तो याच सीलरचा का?

हो, झिंक ऑक्साइड-युजेनॉल. युजेनॉल हा लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. दाढ दुखली की आजी लवंग दाताखाली धरायला सांगायची ती याच युजेनॉलच्या भरवशावर.

त्याचं रसायन मला अजूनही मजेशीर वाटतं. पूड आणि तेल कालवलं की झिंक ऑक्साइडची आधी पाण्याशी गाठ पडते आणि झिंक हायड्रॉक्साइड तयार होतं. ते युजेनॉलशी जोडलं जाऊन झिंक युजेनोलेट बनतं आणि पाणी पुन्हा मोकळं होतं. म्हणजे पाणी सुरुवातीलाही लागतं आणि शेवटी परतही मिळतं. पूर्ण कोरड्या वातावरणात ही क्रिया नीट होतच नाही. कोकणात किंवा गोव्यात जुलै महिन्यात ज्यांनी हे कालवलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. डबीचं झाकण उघडं राहिलं, हवा दमट असली, की मिश्रण हाताखालीच घट्ट व्हायला लागतं. मग कुणीतरी काचेची पट्टी फ्रीजमध्ये ठेवायची युक्ती काढतं. गार पट्टीने वेळ वाढतो हे खरं, पण पट्टीवर दव जमलं तर पाणी मिश्रणात जातं आणि उलटाच परिणाम होतो. पट्टी गार हवी, ओली नको.

ग्रॉसमन यांच्या १९५८ च्या सूत्रात ४२ भाग झिंक ऑक्साइड, २७ भाग राळ, प्रत्येकी १५ भाग बिस्मथ सबकार्बोनेट आणि बेरियम सल्फेट, आणि १ भाग सोडियम बोरेट होतं. राळेने चिकटपणा येतो, बिस्मथ आणि बेरियममुळे एक्स-रेत दिसतं, आणि तो एक भाग बोरेट घट्ट होणं लांबवतो. कालवणं जमलं का हे पाहायला त्यांचीच कसोटी आजही शिकवतात. चमचा वर उचलला की सीलरची तार साधारण इंचभर न तुटता यावी, आणि चमच्याच्या कडेवर धरलेला गोळा १० ते १५ सेकंद पडू नये. पाकाची तार बघणाऱ्या घरात वाढलेल्यांना ही कसोटी पटकन जमते.

उणीव अशी की ही क्रिया उलटी फिरते. पाणी मिळत राहिलं तर युजेनोलेट तुटतं आणि युजेनॉल हळूहळू सुटत राहतं. त्यामुळे जंतू दबतात, पण पेशींनाही चुरचुरतं, आणि वर्षानुवर्षांत सीलर झिजतो. स्वस्त आहे, काढायला सोपा आहे, दशकानुदशकांचा अनुभव पाठीशी आहे. म्हणून आपल्याकडे तो अजून टिकून आहे आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

युजेनॉलच्या सीलरनंतर फायबर पोस्ट (मुळात बसवायचा आधाराचा खांब) किंवा कंपोझिट (दाताच्या रंगाचं रेझिनचं भरण) लावता येतं का?

येतं, पण भिंत स्वच्छ करून. रेझिन पक्कं करणाऱ्या फ्री रॅडिकल्सना युजेनॉल पकडून ठेवतं आणि कंपोझिटचं रेझिन नीट पक्कं होऊ देत नाही. सीलर माखलेल्या डेंटिनचा वरचा पापुद्रा काढून टाकायचा. नुसत्या अल्कोहोलच्या बोळ्यावर विसंबू नये.

इपॉक्सी रेझिनचा सीलर म्हणजे तो हार्डवेअरच्या दुकानातला इपॉक्सी का?

कुळ तेच. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या आंद्रे श्रोडर यांनी एएच २६ आणला. त्यात इपॉक्सी घट्ट करायला हेक्सामिथिलीन टेट्रामीन वापरलं होतं, आणि घट्ट होताना पहिल्या काही दिवसांत त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटायचं. पुढे एएच प्लस आला. त्यात दोन पेस्ट आहेत, एकीत इपॉक्सी, दुसरीत अमाइन. इपॉक्सीचं कडं उघडतं आणि अमाइन त्याला जोडलं जातं. यात बाजूला काही पडत नाही, म्हणून आकुंचन कमी आणि विरघळणं तर फारच कमी. हाताशी वेळही भरपूर मिळतो, कंपनीच्या माहितीनुसार सुमारे ४ तास काम करता येतं आणि ८ तासांत तो घट्ट होतो. नवा सीलर आला की त्याची तुलना एएच प्लसशी केली जाते ती याचसाठी.

तो जिवंत नाही, निष्क्रिय आहे. एकदा घट्ट झाला की भिंतीशी किंवा पेशींशी काही बोलत नाही. काहींना हा दोष वाटतो. मला तो बरेचदा गुणच वाटतो.

फॉर्मल्डिहाइड असलेले सीलर अजून वापरतात का?

पॅराफॉर्मल्डिहाइड मुद्दाम घातलेल्या पेस्टचा एक काळ होता, सार्जेंटी यांची एन२ ही त्यातली सगळ्यात वादग्रस्त. दात दुखायचा थांबतो, कारण उरलेली ऊती मरून स्थिर होते. पण पेस्ट मुळाबाहेर गेली तर नसेला कायमची इजा होऊ शकते. आज ती वापरण्याचं समर्थन करता येत नाही.

बायोसिरॅमिक सीलर म्हणजे घर बांधायचं सिमेंटच, हे खरं आहे का?

बरंचसं खरं. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी एमटीए हे दातासाठीचं सिमेंट आणलं. त्याचा पाया पोर्टलंड सिमेंट आणि एक्स-रेत दिसावं म्हणून बिस्मथ ऑक्साइड. पुढे त्यातलं शुद्ध ट्रायकॅल्शियम सिलिकेट घेऊन, बारीक दळून, बिस्मथऐवजी झिर्कोनियम ऑक्साइड घालून वाहणारे सीलर बनले. एंडोसीक्वेन्स बीसी सिरिंजमध्ये तयार मिळतो, बायोरूट आरसीएस पूड आणि द्रव कालवून करायचा.

पाणी मिळालं की दोन गोष्टी होतात. कॅल्शियम सिलिकेटचा ओला जेल तयार होतो आणि घट्ट बसतो, शिवाय कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटतं. त्यामुळे आम्लता-अल्कतेचा आकडा ११ ते १२ च्या घरात जातो. शरीरातल्या द्रवात फॉस्फेट असतं. त्याच्याशी कॅल्शियम मिळून पृष्ठभागावर ॲपेटाइटचे कण बसतात, म्हणजे हाडात आणि दातात असतं त्याच जातीचं खनिज. ओलीला घाबरणारे आधीचे सीलर आणि ओलीवर जगणारा हा, इथे सगळा विचारच उलटतो.

मग नळी ओली ठेवायची का?

ओली नाही, दमट. कागदी पॉइंटने पाणी टिपायचं, पण अल्कोहोल घालून खणखणीत कोरडी करायची नाही. तयार मिळणाऱ्या सीलरमध्ये स्वतःचं पाणी नसतं, ते त्याला डेंटिनच्या बारीक नलिकांमधून घ्यायचं असतं. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे नेहमीच्या स्थितीत सुमारे ४ तास लागतात, फार कोरड्या नळीत १० तासांहून जास्त.

बायोसिरॅमिक सीलर जास्त विरघळतो असं वाचलं. मग तो घ्यावा का?

काचेवरची चाचणी आणि दातातलं वास्तव यांत किती अंतर असतं, ते इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. शुद्ध पाण्यात बुडवून मोजलं तर अनेक कॅल्शियम सिलिकेट सीलर एएच प्लसपेक्षा कितीतरी जास्त वजन गमावतात, काही तर ३ टक्क्यांची रेघही ओलांडतात. पण त्याच चकत्या फॉस्फेट असलेल्या द्रावणात ठेवल्या की चित्र बदलतं, कारण पृष्ठभागावर खनिज बसू लागतं. शिवाय ज्या गुणासाठी तो विकला जातो, म्हणजे कॅल्शियम आणि हायड्रॉक्साइड सोडणं, तो गुण थोडं विरघळल्याशिवाय येणारच कुठून? दूध तापवायचं आणि साय नको म्हणायचं, असं ते आहे.

म्हणून मी जाहिरातीच्या दोन ओळी शेजारी ठेवून वाचतो. एकीत ‘विरघळत नाही’ आणि दुसरीत ‘सतत कॅल्शियम सोडतो’ असं असेल, तर विक्री प्रतिनिधीला चहा पाजून नीट विचारावं.

सीलर डेंटिनला जितका चिकटेल तितकं चांगलं, बरोबर?

असं वाटायचं. २००४ च्या सुमारास रेझिलॉन आला. गटापर्चाच्या जागी पॉलिकॅप्रोलॅक्टोन, त्याला चिकटणारा मेथाक्रिलेट सीलर, आणि तो डेंटिनला चिकटणार, म्हणजे काडीपासून भिंतीपर्यंत सगळं एकसंध. कल्पना सुंदर होती. पण रेझिन घट्ट होताना आकसतं, आणि आकसण्याचा ताण कमी व्हायला त्याला मोकळा पृष्ठभाग लागतो. लांब अरुंद नळीत चिकटलेला पृष्ठभाग मोकळ्याच्या शेकडो पट असतो, कधी हजारो पट. ताण जाणार कुठे? तो भिंतीवरूनच सुटला. वर पॉलिकॅप्रोलॅक्टोन जैविक विघटन होणारं निघालं. काही वर्षांत सगळं मागे पडलं.

नलिकांमध्ये घुसलेल्या सीलरचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो सेमिनारमध्ये फार छान दिसतात. नलिका एक ते अडीच मायक्रोमीटरच्या, आणि त्यात झाडाच्या मुळांसारखे धागे. १७ टक्के ईडीटीए या धुण्याच्या द्रावणाने, नळी घासताना भिंतीवर बसलेला चिखलाचा पापुद्रा काढला की धागे जास्त दिसतात. पण धागे जास्त म्हणजे दात जास्त टिकला, असं त्या फोटोंवरून म्हणता येत नाही.

सीलर उरलेले जंतू मारतो का?

ताजे असताना बरेचसे सीलर मारतात, युजेनॉल, फॉर्मल्डिहाइड किंवा अल्कतेमुळे. घट्ट झाल्यावर हा जोर झपाट्याने उतरतो. जंतू हायपोक्लोराइटनेच, म्हणजे नळी धुण्याच्या द्रावणानेच, घालवायचे. सीलरवर सोडायचे नाहीत.

गरम गटापर्चाच्या पद्धतीत कोणताही सीलर चालतो का?

नाही. इपॉक्सी तापला की लवकर घट्ट होतो आणि त्याची बळकटीही कमी होऊ शकते. पूड-द्रवाच्या कॅल्शियम सिलिकेटमधलं पाणी उडून जातं आणि वाहणं कमी होतं. उष्णतेसाठी म्हणून वेगळे काढलेले सीलर मिळतात, ते पाहावे.

रूट कॅनालनंतर माझा पुढचा दात काळवंडला. सीलरमुळे का?

शक्य आहे, पण एकट्या सीलरमुळे क्वचित. १९३१ च्या रिकर्ट यांच्या सूत्रात चांदी होती आणि ती दात काळे करायची, ग्रॉसमन यांच्या सूत्रामागे तेही एक कारण होतं. एएच २६ च्या काही प्रकारांतही चांदी होती. बिस्मथ ऑक्साइड हायपोक्लोराइटच्या संपर्कात काळं पडतं. पण बहुतेक वेळा सीलर कोणता यापेक्षा तो कुठे राहिला हे महत्त्वाचं असतं. हिरडीच्या वरच्या पोकळीत सीलर आणि गटापर्चा तसाच ठेवून वर सिमेंट भरलं, की पुढच्या दातात सावली दिसणारच. जुन्या रक्ताचे अंश राहिले तरी तसंच होतं.

पुन्हा रूट कॅनाल करायची वेळ आली तर सीलर निघतो का?

झिंक ऑक्साइड-युजेनॉल सहज निघतो. इपॉक्सी क्लोरोफॉर्मने मऊ पडतो. संत्र्याच्या सालीचं तेल आणि निलगिरीचं तेलही वापरतात, ते सौम्य आहेत आणि तितकेच संथ (नागपूरकरांनी याचं श्रेय घ्यायला हरकत नाही). ग्लास आयोनोमर (हाही सीलरचा एक प्रकार) आणि बायोसिरॅमिक या द्रावकांना दाद देत नाहीत, ते अल्ट्रासोनिकने आणि फाइलने खरवडून काढावे लागतात. म्हणून बायोसिरॅमिक वापरताना गटापर्चाची काडी पूर्ण लांबीपर्यंत बसवणं फार महत्त्वाचं. काडी असेल तर तिच्या मागे वाट सापडते. टोकाशी नुसता सीलरच असेल तर पुढच्या डॉक्टरला सिमेंटची भिंत मिळते.

पेशंट म्हणून मी डॉक्टरांना कोणता सीलर वापरला हे विचारू का?

जरूर. पण ‘महागातला वापरा’ म्हणून नव्हे. नळी नीट धुतली गेली, काडी मापाची बसली आणि वर पक्की कॅप आली, तर तुमचा दात टिकण्यात सीलरच्या ब्रँडचा वाटा फार मोठा नसतो. युजेनॉलची किंवा रेझिनची ॲलर्जी असेल तर मात्र आधी सांगा. आणि सीलरचं नाव केसपेपरवर लिहून घ्या. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या खुर्चीत तो दात उघडावा लागला, तर पहिल्या पाच मिनिटांत डॉक्टर हेच शोधत असतात.